आकड्यांना वाचा फुटली

रात्रीच्या निःशब्द प्रहरी हातात दिवा घेऊन जखमी शिपायांच्या खाटांमधून हलक्या पावलांनी फिरणारी एक स्त्री, हे चित्र फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते चित्र खरे आहे, परंतु अपुरे आहे. हातातल्या दिव्याच्या उजेडात एका वेळी एकच खाट दिसते. त्या खाटेवरच्या रुग्णाला पाणी पाजता येते, त्याची जखम धुता येते, त्याला धीर देता येतो. परंतु हजारो खाटांवरचे दुःख एकाच दृष्टिक्षेपात पाहावयाचे असेल, त्याचे मूळ शोधावयाचे असेल आणि सत्ताधाऱ्यांना ते दाखवून द्यावयाचे असेल, तर निराळाच दिवा हाती घ्यावा लागतो. तो दिवा फ्लॉरेन्सबाईंना संख्याशास्त्रात सापडला. शुश्रूषेने त्यांनी शेकडो सैनिकांचे हाल हलके केले. आकडे आणि आकृत्या ह्यांच्या बळावर त्यांनी पुढच्या कित्येक सैनिकांना मरणाच्या वाटेवरून मागे आणले. त्यांच्या जीवनाची ही दुसरी बाजू पहिलीइतकीच उज्ज्वल आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटली देशातील फ्लॉरेन्स नगरीत झाला. तिचे आईवडील इंग्रज होते व विवाहानंतर युरोपच्या दीर्घ प्रवासास निघाले होते. थोरली कन्या नेपल्स येथे जन्मली, तेव्हा त्या शहराच्या प्राचीन ग्रीक नावावरून तिचे नाव पार्थेनोपी ठेवण्यात आले. धाकटीला तिच्या जन्मनगरीचेच नाव मिळाले. कुटुंब सुखवस्तू होते. इंग्लंडात डर्बिशायर व हॅम्पशायर अशा दोन परगण्यांत त्यांचे प्रशस्त वाडे होते. मुलींनी थोडे गाणे शिकावे, भरतकाम करावे, पाहुण्यांशी गोड बोलावे आणि योग्य स्थळ पाहून विवाह करावा, अशी त्या काळच्या श्रीमंत घरांची रीत होती. परंतु फ्लॉरेन्सचे वडील विद्याव्यासंगी होते. त्यांनी आपल्या दोन्ही मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय स्वतः शिकविले. थोरलीचे मन ह्या अभ्यासात फारसे रमले नाही. धाकटी मात्र त्यात बुडून गेली.

तरीही तिची भूक भागेना. तिला गणित हवे होते. तिने हा हट्ट धरला तेव्हा घरात मोठाच पेच पडला. मुलीला गणित शिकून काय करावयाचे आहे, असे आईला वाटे. इतिहास व तत्त्वज्ञान ह्यांतच तिने लक्ष घालावे, असे वडिलांचे मत होते. फ्लॉरेन्सने हट्ट सोडला नाही. अखेर तिच्या आत्याने भावाभावजयीकडे रदबदली केली, आणि तिच्यासाठी गणिताच्या शिकवणीची सोय झाली. पुढे घरातली माणसे जागी होण्यापूर्वी, पहाटेच्या अंधारात मेणबत्ती लावून ती रुग्णालयांचे व सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचू लागली. त्यांतील आकडे वहीत उतरवून घ्यावेत, रकाने आखून एकाशी दुसऱ्याची तुलना करावी, हा तिचा नित्यक्रम झाला. न्याहारीची घंटा झाली म्हणजे वही मिटून ती खाली जाई आणि दिवसभर घरची आज्ञाधारक कन्या म्हणून वावरे. अशी कित्येक वर्षे लोटली.

रुग्णसेवा हेच आपले जीवितकार्य, असा तिचा निश्चय झाला होता. परंतु त्या काळी परिचारिकेचे काम हलके समजले जाई. कुलीन घरातील मुलीने रुग्णालयाची पायरी चढावी, ही कल्पनाच घरच्यांना असह्य होती. दीर्घ विरोधानंतर १८५१ मध्ये तिने जर्मनीतील कायझरवेर्थ येथील सेवासंस्थेत तीन महिने शिक्षण घेतले. १८५३ मध्ये लंडनमधील हार्ले स्ट्रीटवर आजारी स्त्रियांसाठी चालविलेल्या एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली. तेथे तिने खर्च, औषधे, स्वयंपाक आणि स्वच्छता ह्या सर्वांची चोख शिस्त बसविली. ह्याच सुमारास युरोपच्या पूर्वेस युद्धाचा वणवा पेटला.

१८५३ मध्ये रशिया आणि तुर्कस्तान ह्यांच्यात युद्ध सुरू झाले. मार्च १८५४ मध्ये इंग्लंड व फ्रान्स हे देश तुर्कस्तानच्या बाजूने त्यात उतरले. काळ्या समुद्राच्या उत्तरेस असलेल्या क्रिमिया द्वीपकल्पात घनघोर लढाई जुंपली. तेथील जखमी व आजारी इंग्रज सैनिकांना जहाजांत घालून, समुद्र ओलांडून, कॉन्स्टँटिनोपलसमोरच्या किनाऱ्यावरील स्कुटारी येथे आणले जाई. त्यांची तेथे होणारी दैना वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली आणि इंग्लंडात संतापाची लाट उसळली. युद्धखात्याचे एक मंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्सबाईंचे स्नेही होते. परिचारिकांचे पथक घेऊन जाण्याची विनंती करणारे पत्र त्यांनी बाईंना लिहिले. तिकडे बाईंनीही जाण्याची तयारी दर्शविणारे पत्र धाडले होते. दोन्ही पत्रांनी वाटेतच एकमेकांना ओलांडले. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांसह त्या निघाल्या आणि ४ नोव्हेंबरला स्कुटारीस पोहोचल्या.

तेथील रुग्णालय म्हणजे तुर्की सैन्याची एक प्रचंड जुनी बराक होती. मैलोगणती लांब दालनांत रुग्णांच्या रांगा लागल्या होत्या. अंथरुणे नव्हती, धुतलेले कपडे नव्हते, पुरेशी भांडी नव्हती. इमारतीच्या खालून तुंबलेली गटारे वाहत होती आणि त्यांची दुर्गंधी थेट दालनांत येत होती. बाईंनी स्वयंपाकघर उभारले, धुलाईची व्यवस्था केली, लोकांनी पाठविलेल्या निधीतून सदरे, चमचे, ब्रश असल्या साध्यासुध्या वस्तू विकत घेतल्या. दिवसभराची धावपळ संपल्यावर रात्री दिवा घेऊन त्या दालनांतून फेरी घालीत.

परंतु आणखी एक गोष्ट त्यांच्या चाणाक्ष नजरेतून सुटली नाही. येथे किती माणसे दाखल झाली, किती मेली आणि कशाने मेली, ह्याचा धड हिशेबच कोणापाशी नव्हता. मृत्यूंची नोंद निरनिराळ्या वह्यांत निरनिराळे लोक करीत आणि त्या नोंदींचा एकमेकींशी मेळ बसत नसे. रोगांच्या नावांतही एकवाक्यता नव्हती. दुकानदार रोजच्या विक्रीचा हिशेब पैन्‌पैचा ठेवतो, आणि येथे माणसांच्या प्राणांचा हिशेब ठेवावयास कोणी नाही, ह्या विचाराने त्या व्यथित झाल्या. त्यांनी नोंदी नीट ठेवण्याचा आग्रह धरला व स्वतःही टिपणे जमविण्यास आरंभ केला.

बाई आल्या, परिचारिका आल्या, अन्नवस्त्रही येऊ लागले. तरीही तो पहिला हिवाळा फार भयंकर गेला. मृत्यू थांबेनात. फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुटारीच्या रुग्णालयांतील मृत्युप्रमाण शेकडा ४२ च्या वर गेले. मार्च महिन्यात इंग्लंडहून सरकारने पाठविलेले एक आरोग्यपथक तेथे येऊन पोहोचले. त्यातील तज्ज्ञांनी तुंबलेली गटारे उपसली, पाण्याच्या मार्गात कुजत पडलेली मेलेली जनावरे काढून टाकली, भिंतींना चुना दिला आणि दालनांत हवा खेळावी म्हणून झरोके पाडले. जून महिन्यापर्यंत मृत्युप्रमाण शेकडा २ च्या आसपास उतरले.

युद्ध संपल्यावर ऑगस्ट १८५६ मध्ये फ्लॉरेन्सबाई मायदेशी परतल्या. त्यांच्या स्वागतासाठी सारा देश उत्सुक होता. पण सत्कार टाळण्यासाठी त्यांनी दुसरे नाव धारण करून प्रवास केला व गुपचूप घर गाठले. क्रिमियातच त्यांना एका दुखण्याने गाठले होते आणि शरीर पोखरून निघाले होते. वय अवघे ३६ वर्षांचे. कीर्ती अशी की उरलेले आयुष्य तिच्या सावलीत सुखाने घालविता आले असते. परंतु मेलेल्या सैनिकांची आठवण त्यांना स्वस्थ बसू देईना. जे गेले ते परत येणार नव्हते. पण ते का गेले हे कळले नाही, तर पुढच्या युद्धात हेच पुन्हा घडणार होते.

ह्या कामी त्यांना विल्यम फार ह्यांचे साहाय्य लाभले. इंग्लंडातील जन्ममृत्यूंच्या नोंदणीचे शास्त्र ज्यांनी घडविले, त्यांत फार हे अग्रगण्य होते. दोघांनी मिळून सैन्याच्या नोंदींचा डोंगर उपसण्यास आरंभ केला. जानेवारी १८५५ ह्या एका महिन्याचाच हिशेब पाहू. पूर्वेकडील इंग्रज सैन्याची सरासरी संख्या तेव्हा ३२,३९३ होती. त्या महिन्यात ८३ सैनिक जखमांनी मरण पावले. इतर कारणांनी ३२४ गेले. आणि पटकी, हगवण, ज्वर अशा टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेल्यांची संख्या होती २,७६१! म्हणजे मेलेल्या दर १०० सैनिकांमागे शत्रूच्या शस्त्राने मेलेले तीनही नव्हते. ज्यांना रणांगणावर वीरमरण आले असे घरोघरी समजले जात होते, त्यांपैकी बहुतेक जण घाण पाणी, कोंदट हवा आणि अपुरे अन्न ह्यांचे बळी ठरले होते.

ह्या आकड्यांनी बाईंपुढे आणखी एक कटू सत्य आणून ठेवले. सर्व रुग्णालयांत सर्वाधिक मृत्यू झाले होते ते स्कुटारीत, म्हणजे त्या स्वतः जेथे रात्रंदिवस राबत होत्या तेथेच. अन्नवस्त्रांचा तुटवडा आणि रुग्णांना उशिरा आणणे हीच मुख्य कारणे आहेत, असे तोवर त्यांना वाटत होते. खालून वाहणाऱ्या गटारांचे आणि कोंदलेल्या हवेचे खरे मोल त्यांना त्या वेळी पुरते कळले नव्हते. सारे जग ज्या रुग्णालयाच्या नावाने त्यांचा जयजयकार करीत होते, तेच रुग्णालय मृत्यूचे आगर होते, हे स्वतःच्या लेखणीने लिहिणे सोपे नव्हते. हा भाग झाकून ठेवला असता, तर कोणीही त्यांना दोष दिला नसता. पण त्यांनी तो झाकला नाही. आपल्या अहवालात स्कुटारीचे आकडे त्यांनी जसेच्या तसे मांडले. आकड्यांची साथ धरणाऱ्याने ते स्वतःवर उलटले तरी त्यांची साथ सोडता कामा नये, हा धडा त्यांनी स्वतःच्या आचरणाने घालून दिला.

सत्य हाती आले. आता प्रश्न होता तो ते दाखविण्याचा. बाईंच्या आग्रहामुळे १८५७ मध्ये सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमण्यात आला व सिडनी हर्बर्ट त्याचे अध्यक्ष झाले. परंतु अशा आयोगांचे जाडजूड अहवाल कपाटांत धूळ खात पडतात, हे बाई जाणून होत्या. रकान्यांमागून रकाने भरलेले तक्ते पाहून मंत्र्यांचे डोळे मिटत, सेनापतींना जांभया येत. फार हे शास्त्राचे कठोर उपासक होते. आकड्यांचे लिखाण रूक्ष असले तरी बिघडत नाही, उलट ते तसेच असावे, असे त्यांचे मत होते. बाईंना मात्र ते पुरेसे वाटेना. जे कानांवाटे मेंदूपर्यंत पोहोचत नाही, ते डोळ्यांवाटे पोहोचवावे, असा त्यांचा विचार होता. हातच्या काकणाला आरसा लागत नाही, त्याप्रमाणे नुसते पाहताक्षणी कळावे, असे काही तरी त्यांना हवे होते.

आलेखांची कल्पना अगदीच नवी होती असे नाही. विल्यम प्लेफेअर ह्यांनी १७८६ मध्येच व्यापाराचे आकडे रेषांनी व स्तंभांनी दाखविले होते. फार ह्यांनी स्वतःही पटकीच्या साथीसंबंधी वर्तुळाकार आकृत्या काढल्या होत्या. बाईंनी हे साधन राज्यकर्त्यांचे मन वळविण्याच्या कामी जुंपले, हे त्यांचे वैशिष्ट्य.

त्यांनी काढलेली प्रसिद्ध आकृती एखाद्या उमललेल्या फुलासारखी दिसते. वर्तुळाचे बारा सारखे भाग पाडून वर्षाच्या प्रत्येक महिन्याला एक भाग दिला आहे. सर्व पाकळ्यांचा केंद्रापाशी होणारा कोन सारखाच. मात्र ज्या महिन्यात मृत्यू अधिक, त्या महिन्याची पाकळी केंद्रापासून अधिक दूरवर पसरलेली. पाकळ्यांत रंग तीन. टाळता येण्याजोग्या रोगांनी झालेल्या मृत्यूंसाठी निळा, जखमांनी झालेल्या मृत्यूंसाठी तांबडा आणि इतर कारणांसाठी काळा. एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ ह्या पहिल्या वर्षाची आकृती मोठी असून तिच्यातील निळा रंग डोळ्यांत भरतो. केंद्राजवळचा तांबडा भाग त्यामानाने अगदी लहान. शेजारी पुढच्या वर्षाची आकृती आहे. तिच्यातील पाकळ्या लहान लहान होत जाऊन शेवटी जवळजवळ दिसेनाशा होतात. सैनिकांना कोणी मारले आणि कोणत्या उपायाने वाचविले, ही कथा एका पानावर सांगितली गेली. वाचता न येणाऱ्यालाही ती कळावी!

ह्या आकृतीच्या मागे जो काटेकोरपणा होता, तो ध्यानात घेण्यासारखा आहे. सैन्याची संख्या दर महिन्याला बदलत होती. म्हणून नुसती मृतांची संख्या न घेता, दर हजार सैनिकांमागे मृत्यू किती, हे प्रमाण त्यांनी काढले. जानेवारी १८५५ मध्ये ३२,३९३ सैनिकांपैकी २,७६१ जण रोगांनी गेले, म्हणजे हजारी सुमारे ८५. वर्षानंतर, जानेवारी १८५६ मध्ये ४४,२१२ सैनिकांपैकी रोगांनी गेलेले केवळ ४२, म्हणजे हजारी एकही पुरता नाही. दोन्ही महिने हिवाळ्यातलेच. म्हणून थंडी हेच मृत्यूंचे कारण होते असे म्हणावयास जागा उरली नाही. ह्या मधल्या काळात अन्नवस्त्रांचा पुरवठा सुधारला होता आणि शत्रूच्या किल्ल्याचा वेढाही संपला होता, हे खरे. तथापि त्याच दुसऱ्या हिवाळ्यात शेजारच्या फ्रेंच छावण्यांत ज्वराने असंख्य माणसे मेली, हेही तितकेच खरे. स्वच्छतेचे महत्त्व ह्या तुलनेने अधिकच उघड झाले.

आकृती काढताना बाईंच्या हातून प्रथम एक चूक झाली होती. पहिल्या आकृतीत त्यांनी मृत्यूंचे प्रमाण केंद्रापासूनच्या लांबीने दाखविले. परंतु पाहणाऱ्याचा डोळा लांबी मोजत नाही. तो रंगाने व्यापलेली जागा पाहतो. घरातले उदाहरण घेऊ. एक भाकरी वीतभर रुंदीची आहे आणि दुसरी, तेवढ्याच जाडीची, दोन वीत रुंदीची आहे. दुसरीला पीठ दुप्पट लागेल असे वाटते. पण प्रत्यक्षात ते चौपट लागते. त्याचप्रमाणे मृत्यू दुप्पट झाले म्हणून पाकळीची लांबी दुप्पट केली, तर रंगाची जागा चौपट होते आणि खरे आहे त्याहून संकट मोठे भासते. ही अतिशयोक्ती बाईंच्या बाजूचीच होती. तिने त्यांचा मुद्दा अधिक ठसला असता. तरीही ती ध्यानात येताच त्यांनी दुरुस्तीची चिठ्ठी जोडली आणि नव्या आकृतीत लांबीऐवजी क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणात ठेवले. सत्य पुरेसे भयंकर होते. त्यास रंग चढविण्याची आवश्यकता नव्हती, आणि चढविला असता तर तो अप्रामाणिकपणा ठरला असता.

त्यांच्या आणखी एका आकृतीने तर अधिकच खळबळ उडविली. तिच्यात नुसत्या आडव्या पट्ट्या होत्या. काळी पट्टी सामान्य इंग्रज पुरुषांच्या मृत्युप्रमाणाची आणि तिच्याखाली तांबडी पट्टी त्याच वयाच्या, मायदेशी शांततेच्या काळात बराकींत राहणाऱ्या सैनिकांच्या मृत्युप्रमाणाची. २० ते २५ वर्षे वयाच्या सामान्य पुरुषांत दर हजारी ८.४ मृत्यू होत, तर सैनिकांत १७. प्रत्येक वयोगटात तांबडी पट्टी काळीपेक्षा जवळजवळ दुप्पट लांब होती. सैन्यात भरती करताना तर निरोगी, धडधाकट तरुणच निवडले जात. अशा निवडक तरुणांचे मरण इतरांच्या दुप्पट असावे, ह्याचा अर्थ एवढाच की कोंदट व गलिच्छ बराकी त्यांना युद्धावाचूनच मारीत होत्या. क्रिमियातील अनर्थ हा एका युद्धापुरता अपघात नव्हता, हे ह्या साध्या पट्ट्यांनी सिद्ध केले.

१८५८ मध्ये बाईंनी आपला विस्तृत अहवाल खाजगीरीत्या छापून घेतला. आकृत्यांसह एक छोटी पुस्तिकाही प्रसिद्ध झाली. राणी, मंत्री, पार्लमेंटचे सभासद, सैन्यातील अधिकारी आणि वैद्य ह्यांच्या हाती त्यांची आकृत्यांची पाने जातील अशी त्यांनी खटपट केली. विरोध करणारे पुष्कळ होते. परंतु मताला मताने खोडता येते. मोजून मांडलेल्या वस्तुस्थितीला खोडून काढण्यास तेवढीच मोजणी करावी लागते. ती कोणापाशी नव्हती. हळूहळू बराकी व रुग्णालये ह्यांची दुरुस्ती हाती घेण्यात आली. सैनिकी वैद्यकाचे विद्यालय १८६० मध्ये सुरू झाले आणि सैन्यातील रोग व मृत्यू ह्यांची शास्त्रशुद्ध नोंद ठेवण्यासाठी स्वतंत्र शाखा निघाली. लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने १८५८ मध्ये फ्लॉरेन्सबाईंना सभासद करून घेतले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

ह्यानंतर त्यांची दृष्टी आपल्या देशाकडे वळली. हिंदुस्थानातील इंग्रज सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये दुसरा शाही आयोग नेमण्यात आला. त्यासाठी येथील छावण्यांकडे प्रश्नावल्या धाडण्यात आल्या. कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे बाईंच्या आजारशय्येपाशी येऊन पडले. त्या वाचून, निवडून त्यांनी आपले निष्कर्ष लिहिले आणि पाणी भरण्याच्या, सांडपाण्याच्या रीती दाखविणारी चित्रेही त्यांस जोडली. १८६३ मध्ये आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातील इंग्रज सैनिकांचे मृत्युप्रमाण त्या वेळी वर्षाला दर हजारी ६९ इतके होते. दहा वर्षांनंतर ते १८ पर्यंत उतरल्याची नोंद बाईंनीच केली आहे. काम सुरू झाले ते सैनिकांपासून. परंतु छावणीच्या बाहेर राहणाऱ्या रयतेला शुद्ध पाणी आणि पोटभर अन्न मिळाल्यावाचून हे काम पुरे होणार नाही, हे त्यांना लवकरच कळून आले. पुढे दुष्काळ, पाटबंधारे, रयतेची कर्जे आणि खेड्यांतील स्वच्छता ह्या प्रश्नांवर त्यांनी वर्षानुवर्षे लिहिले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांनी खेड्यांच्या आरोग्याविषयी पत्रव्यवहार केला. प्रकृतीमुळे त्यांना हिंदुस्थानात कधीच येता आले नाही. ही भूमी त्यांनी पाहिली ती अहवाल, पत्रे आणि आकडे ह्यांच्याच खिडकीतून.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषद भरली. सर्व रुग्णालयांनी रोगांची व मृत्यूंची नोंद एकाच पद्धतीने ठेवावी, अशी योजना बाईंनी तिच्यापुढे ठेवली. निरनिराळ्या मापांनी मोजलेल्या धान्याची बेरीज करता येत नाही. तसेच निरनिराळ्या रीतीने ठेवलेल्या नोंदींची तुलना करता येत नाही, हे त्यांनी स्कुटारीतच अनुभवले होते. राज्य चालविणाऱ्यांना आकडे वाचता यावेत म्हणून ऑक्सफर्ड विद्यापीठात संख्याशास्त्राचे अध्यापक नेमावेत, अशी खटपट त्यांनी उतारवयात केली. परंतु ती सिद्धीस गेली नाही. १८७४ मध्ये अमेरिकेतील संख्याशास्त्रीय संस्थेने त्यांना सन्माननीय सभासदत्व दिले.

आयुष्याचा मोठा भाग त्यांनी आजारपणामुळे लंडनच्या एका घरातील खोलीत काढला. तेथूनच त्यांची लेखणी अखंड चालत राहिली. वृद्धपणी दृष्टी गेली, स्मृतीही मंदावली. १९०७ मध्ये इंग्लंडचा ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान त्यांना मिळाला. तो मिळविणाऱ्याही त्या पहिल्याच स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. वेस्टमिन्स्टर ॲबीतील थोरामोठ्यांच्या स्मशानभूमीत त्यांना जागा देऊ करण्यात आली होती; परंतु आप्तांनी ती नम्रपणे नाकारली आणि हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो ह्या लहानशा गावी त्यांना मूठमाती देण्यात आली. तेथील स्मारकावर त्यांच्या नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा एवढेच कोरलेले आहे.

त्यांचा जन्मदिवस, १२ मे, आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी दिव्याचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. परंतु वर्गात वहीवर पट्टी ठेवून आपण आलेख काढतो तेव्हाही ह्या थोर स्त्रीची आठवण ठेवावयास हवी. आलेखातील प्रत्येक रेघेच्या मागे कोणी तरी माणूस असतो. ती रेघ खऱ्या लांबीची काढणे म्हणजे त्या माणसाला न्याय देणे होय. दुःख पाहून ज्याचे डोळे पाणावतात तो दयाळू खरा. पण डोळे पुसून जो ते दुःख मोजावयास बसतो आणि मोजलेले प्रामाणिकपणे जगापुढे मांडतो, त्याची दया दूरवर पोहोचते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांची दया अशा जातीची होती.